गोदूबाईंचा दात कोण पाडतं?

डोंबिवली पूर्वेने अभिमान बाळगावा अशा गोष्टी तशा कमीच, आणि त्यांत मी स्वतःला बराच वर धरतो. नाव साईनाथ मोंडकर. उभा जन्म मी पालिकेच्या पाणी खात्यात मीटर तपासण्यात घालवला. ज्याने भल्याभल्यांचे उलटे फिरवलेले मीटर पकडले, त्याला माणसाचं मन वाचायला कितीसा वेळ लागणार? निवृत्त झाल्यावर मी दारावर 'साईनाथ मोंडकर, खासगी तपास' अशी पितळी पाटी ठोकली. सोसायटीच्या सेक्रेटरीने ती उपटून काढली. ती कोणी काढली हे मी तासाभरात शोधून काढलं. पाटी त्याच्या हातातच होती हे खरं, पण हातात पाटी असलेला प्रत्येक माणूस चोर नसतो, आणि एवढा विचार करायला तास लागतोच.

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि चिकाटी घोरपडीची. रुपाली म्हणते, एवढे प्राणी एका माणसात असतील तर त्याला बिल्डिंगमध्ये ठेवायला परवानगी लागेल. रुपाली म्हणजे माझी पत्नी आणि मदतनीस. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. स्कूटर तिची, लायसन तिचं, पेट्रोल तिचं आणि डोकं माझं, अशी आमच्या संस्थेची रचना आहे. या रचनेवर तिची सही अजून झालेली नाही.

तर हे दाताचं प्रकरण. ते माझ्याकडे आलं डॉक्टर सर्वेश चौबळ यांच्याकडून. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ त्यांचा दातांचा दवाखाना आहे. ते रुपालीचे जुने विद्यार्थी, त्यामुळे फोन वरकरणी तिलाच आला होता.

"मॅडम, विचित्र प्रकार चाललाय," ते म्हणाले. "कोणाला सांगावं तेच कळत नाहीये."

फोन स्पीकरवर होता. मी पुढे झुकून म्हणालो, "बोला डॉक्टर. योग्य माणूस ऐकतो आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. एवढं भारावून जायचं कारण नव्हतं, पण मला सवय आहे.

प्रकार असा होता. खडवलीच्या पुढे एका गावात गोदूबाई नावाच्या बाई राहतात. त्या धवलारीण आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आगरी लग्नात हळदीपासून सगळे विधी बायकांच्या धवल्यांवर चालतात, आणि ते धवले गाणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात. धवलारीण आली नाही तर हळदच कालवत नाहीत. या गोदूबाई अंगणात घसरून पडल्या आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. पुढच्या दाताशिवाय त, थ, द, ध म्हणून दाखवा, म्हणजे धवलारणीचं काय झालं असेल ते कळेल. त्यांच्या मुलाने, उत्तमने, जमीन गोदामवाल्यांना दिलेली असल्यामुळे हौसेने आईला इम्प्लांट करून दिलं. हाडात एक स्क्रू, त्यावर धातूची छोटी खुंटी आणि खुंटीवर टोपीसारखा बसणारा चिनी मातीचा दात. टोपी खुंटीला सिमेंटने चिकटवायची.

आणि ती टोपी पडत होती. पुन्हा पुन्हा. शेवटची पडली ती एका नातेवाइकाच्या साखरपुड्यात, भर गाण्यात, थेट कुंकवाच्या ताटात. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो शहापूरपर्यंत जाऊन आला.

"आता त्यांच्या नातीची हळद आलीय, समृद्धीची," डॉक्टर म्हणाले. "आजी म्हणतात, चार लोकांत पुन्हा दात पडला तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. नात म्हणते, आजी गाणार नसेल तर मी हळदीला बसत नाही. आणि मॅडम, माझ्या दुसऱ्या एकाही पेशंटचा दात पडत नाही. तेच सिमेंट, तोच हात. यांचाच पडतो. कोणीतरी मुद्दाम काहीतरी करतंय."

मी रुपालीकडे बघून भुवई उंचावली. तिने स्कूटरची चावी घेतली आणि म्हणाली, "हेल्मेट घाला. मागच्या वेळी भुवई उंचावून उघड्या डोक्याने बसला होतात."

दवाखान्यात शिरताच मी खोल श्वास घेतला. स्पिरिट, लवंग आणि भीती असा दातांच्या दवाखान्याचा नेहमीचा वास होता. यात संशयास्पद काही नाही, असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माझे असे निर्णय पुन्हा उघडावे लागत नाहीत.

"सगळं पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो. "आणि मुळात दात चिकटवलातच का? पेचाने आवळायचा असतो म्हणे काही ठिकाणी."

"असतो ना," डॉक्टर म्हणाले. "मागचा दात असता तर आवळलाच असता. पण हा पुढचा. हाडाच्या तिरकेपणामुळे स्क्रूचं भोक नेमकं दाताच्या दर्शनी बाजूला आलं असतं. हसल्या की भोक. म्हणून सिमेंट. पहिल्यांदा मी मुद्दाम कच्चं सिमेंट लावलेलं. हिरडी कशी बसते, आतला स्क्रू हलतो का, हे थोडे दिवस बघायचं असतं, आणि पक्कं लावलं तर टोपी फोडूनच काढावी लागते. त्यामुळे पहिल्यांदा पडला तो मोजू नका, तो पडणारच होता. पण मग पक्कं लावलं. तेही निघालं. परत लावलं. परत निघालं."

पहिला गुन्हा मोजू नका, असं प्रत्येक आरोपी सांगतो. मी ते मनात नोंदवलं.

"लावता कसं, दाखवा."

त्यांनी एक नमुन्याचा दात घेतला, त्याच्या आत ब्रशने सिमेंटचा अगदी पातळ हात फिरवला, तो दात आधी एका नकली खुंटीवर दाबला, बाहेर आलेलं सिमेंट पुसून टाकलं आणि मग म्हणाले, "आता हा तोंडात."

"एवढंसंच?" मी विचारलं.

"एवढंच. जास्त झालं तर ते हिरडीखाली उतरतं. तिथे कडक होऊन बसतं, मग हिरडी सुजते, पू होतो, आतलं हाड झिजतं. खुंटी पक्की राहते, हाड जातं. जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, असं नाही."

मला सगळं लख्ख दिसलं. लाखभर कामं केलेला माझा मेंदू क्षणात तिथे पोचला. हा गृहस्थ सिमेंट वाचवत होता. नाक्यावरचा भिंत बांधणारा गवंडीही याच्यापेक्षा सढळ हाताने लावतो. मी तसं रुपालीच्या कानात सांगितलं.

"मग बाकीच्यांचे दात का पडत नाहीत?" तिने तेवढ्याच हळू आवाजात विचारलं.

गणितवाल्यांची ही खोड असते. सिद्धांत चांगला बसला की त्याला उदाहरण घालून बघतात. मग मी दुसरा सिद्धांत मांडला. समोरच्या फुटपाथवर आणखी एक दातांचा दवाखाना होता, मोठा, काचेचा. त्यांनी माणूस पाठवून सिमेंटच बदललं असणार. डॉक्टर म्हणाले, तो त्यांच्या मावसभावाचा दवाखाना आहे आणि दुपारचा डबा दोघं एकत्र खातात. मी म्हणालो, डबा एकत्र खाणं हे पुराव्याच्या दृष्टीने फारच वाईट आहे.

सिमेंट नकली आहे हे सिद्ध करायला मी तिथेच प्रयोग केला. माझं भिंग मी कधी हातावेगळं करत नाही. त्याच्या मुठीवर मी सिमेंट भरपूर चोपडलं आणि ते डॉक्टरांच्या स्टीलच्या वाटीवर टेकवून धरलं. चहा पिऊन होईपर्यंत वाटी भिंगाला अशी बसली की डॉक्टर, रुपाली आणि मी, तिघांनी ओढूनही हलली नाही.

"म्हणजे सिमेंट उत्तम आहे," रुपाली म्हणाली.

"किंवा आरोपीने ते आपण येणार म्हणून बदलून ठेवलं," मी म्हणालो, आणि वाटीसकट भिंग खिशात घातलं. ते खिशात मावलं नाही. उरलेला तपास मी ते हातात धरूनच केला.

गोदूबाईंचं घर म्हणजे तीन मजली बंगला. अंगणात जुनी गावठी केळ आणि तिच्या शेजारी नवी कोरी गाडी, दोघींनाही सारखंच पाणी घालत असावेत. दारात सून भेटली, नयन. उत्तमची बायको. हाताला पीठ, पदर खोचलेला.

"कोन तुमी? वाटी विकाला आलाव का?"

मी ओळख सांगितली. तिने आम्हाला आत बसवलं आणि आमच्या पुढ्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण आणि कांदा आणून ठेवला. तपासाच्या जागी आरोपीच्या घरचं अन्न घेऊ नये, असा माझा कडक नियम आहे. कालवण संपवल्यावर मला तो आठवला.

पलंगावर गोदूबाई बसल्या होत्या. ताठ, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला आणि पदराआडून काहीतरी बोलायला लागल्या. दाताच्या जागेतून फुर्र असा वारा आला.

"आजी, तुम्ही त्रास घेऊ नका," मी हात वर करून म्हणालो. "तुम्ही फिर्यादी. माझ्या पद्धतीत फिर्यादीला प्रश्न विचारत नाहीत. तिचं मन दुखावलेलं असतं, त्यामुळे ती चुकीचं सांगते. मी परिस्थितीला प्रश्न विचारतो."

त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. मी पुन्हा हात वर केला. तिसऱ्यांदा त्यांनी पदर खाली घेतला, सुपारी कातरायला घेतली आणि कातरताना माझ्याकडे बघत राहिल्या.

नयनची मी कसून तपासणी केली.

"दात पडला की तो उचलतं कोण?"

"आत्याबाई. नायतर मी."

"डॉक्टरांकडे नेतं कोण?"

"मीच नेते, गारी मला चालवता येते. यांना टाइम कुठंय."

"म्हणजे दात पडल्यापासून डॉक्टरांच्या हातात पडेपर्यंत तो तुमच्या ताब्यात असतो." मी 'ताब्यात' या शब्दावर पुरेसा वेळ थांबलो. "हळदीला डीजे सांगितलाय का?"

"सांगितलाय. नाचाला नको का पोरींना?"

मला आणखी काय हवं होतं? सासूचा आवाज बंद, डीजेचा चालू. परतताना मी रुपालीला स्कूटरवर मागून सगळं उलगडून सांगितलं. ती काही बोलली नाही. हेल्मेटमध्ये तिला ऐकू येत नव्हतं, असं तिने नंतर सांगितलं. मला ते खरं वाटत नाही.

पण थोर तपासनीस एका संशयितावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही विठ्ठलवाडीच्या धवलारीण सगुणाबाईंकडे गेलो. गोदूबाई नाही गायल्या तर हळदीला सगुणाबाईंना बोलवायचं, असं गावात घाटत होतं. म्हणजे दात पडण्यात सरळ फायदा यांचाच. पन्नाशीच्या सगुणाबाई गॅलरीत पापड वाळत घालत होत्या.

"खरं सांगा," मी म्हणालो, "गोदूबाईंचा दात पडला हे कळल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"मी रडली," त्या म्हणाल्या.

अश्रूंचा उल्लेख स्वतःहून. मी वाटीवर बोटांनी ताल धरला. विचार करताना मला तशी सवय लागली होती.

"ताई, मना धवले तिनाच शिकवले," सगुणाबाई रुपालीकडे वळून म्हणाल्या, कारण माझ्याकडे बघून त्यांना हसू येत होतं. "ती सांगते न मी झेलते, अशा आमी गातो. तिच्या नातीच्या हलदीला मी एकटी उभी राहून गाऊ? मंग तिनं कुठं बसाचं, जेवनाच्या रांगंत? ताई, तिनं अख्ख्या तालुक्याच्या पोरी हलदीला बसवल्या. आपल्या घरची येकच पोर. तिला न गाता सासरी धाडली तर ती म्हातारी जगनार नाय. तुमी त्या डाक्टरला सांगा, खिला मार पन दात बसव."

रुपालीचे डोळे भरून आले. मी तिला खाली आल्यावर समजावलं की निष्णात गुन्हेगार असंच बोलतात.

"तुम्ही कधी गोदूबाईंशी बोलणार?" तिने विचारलं.

"कशाला? त्यांना काय माहीत असणार?"

तिने स्कूटरला किक मारली. तिच्या स्कूटरला बटण आहे, तरी मारली.

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात एकत्र बोलावलं. गोदूबाईंचा दात शेवटचा बसवायचा होताच. खुर्चीत गोदूबाई, एका बाजूला नयन, दुसऱ्या बाजूला सगुणाबाई, स्टुलावर डॉक्टर. उत्तम गाडी लावायला गेला होता तो फोनवर बोलत खालीच राहिला. मी मधोमध उभा राहिलो. वर तो मोठा दिवा होता, तो मी स्वतःवर वळवून घेतला.

"या खोलीत," मी म्हणालो, "एक गुन्हेगार आहे."

"साडेदहाला रूट कॅनल आहे माझं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे दुसऱ्याचं. जरा लवकर घ्या."

मी आधी डॉक्टरांवर आलो. सिमेंटमधली कंजुषी, पहिला गुन्हा न मोजण्याचा आग्रह आणि मावसभावाबरोबरचा डबा. डॉक्टरांचा चेहरा मास्कमागे होता तरी पडल्याचं कळलं. मग मी सगुणाबाईंवर आलो. त्यांनी पिशवीतून पापडांचं पुडकं काढून रुपालीला दिलं आणि म्हणाल्या, "या मानसाला नका देऊ." शेवटी मी सावकाश नयनकडे वळलो.

"पण दात प्रत्येक वेळी कोणाच्या ताब्यात होता? डीजे कोणी सांगितला? सासूचा आवाज कायमचा बंद व्हावा, असं कोणाला वाटत होतं?"

नयन उठून उभी राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती हळूच बोलली, आणि ते मला अजून आठवतं.

"मी लग्न होऊन आली तवा मला कोनी नव्हतं. आईबाप लहानपनीच गेलेले. माझ्या हलदीला मानूस म्हनून ही एकटी बसलेली, वराची आई असून नवरीच्या बाजूनी. सासू असून माझी आई होऊन गायली. तिचा आवाज मी बंद करीन?"

मी भिंग वर धरलं, पण वाटीच्या वजनाने ते खाली आलं. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. पण लाज ही तपासात अडथळा आणते, म्हणून मी पुढचं वाक्य जुळवायला लागलो.

तेवढ्यात रुपाली खुर्चीजवळ गेली आणि गोदूबाईंचा हात हातात घेऊन तिने विचारलं, "आत्या, दात पडला की तुम्ही ठेवता कुठे तो?"

गोदूबाईंनी पदर खाली केला. माझ्याकडे एकदा बघितलं. मी हात वर केला नाही.

"लवंगंच्या तेलान," त्या म्हणाल्या.

"तेलात?"

"मंग? हाडाचा नसंल, पन दातच तो. दुखरा दात लवंगंच्या तेलानी बरा व्हतं, म्हंजे दाताला तेच मानवतं. लहान बाटली हाय, त्याच्यान बुरवून ठेवतंय, डाक्टरकडं येईपर्यंत. कीर लागाला नको. आनि येताना त्या खिल्याला न हिरडीला पन बोटानी चोलून येतंय. या डाक्टरनी पयल्याच दिवशी मना मशेरीवरून असला झापला, बोल्ला तोंडाला वास येतो. मंग वास मारून येतंय मी, चांगला."

डॉक्टर स्टुलावरून उठले. मास्क काढला. बाटलीतून आत्ताच काढलेला दात नयनच्या डबीत होता. तो त्यांनी नाकाशी नेला आणि डोळे मिटून घेतले.

"अरे देवा," ते म्हणाले. "लवंग."

"काय झालं?" रुपालीने विचारलं.

"हे जे पक्कं सिमेंट आहे ना मॅडम, त्याला लवंगेचं तेल लागलं की ते घट्टच होत नाही. आतून मऊ राहतं. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं. परीक्षेत लिहिलेलं मी." ते परत खाली बसले. "दाताच्या आत जुन्या सिमेंटची पुटं राहिलेली, ती तेल पिऊन बसली असणार. मी नुसतं पुसून परत लावत होतो. घाईत. आणि वास... आमच्या कच्च्या भरावातसुद्धा लवंगेचंच तेल असतं. सकाळपासून रात्रीपर्यंत इथे तोच वास. मला वेगळा आलाच नाही."

"मी सांगाला बघत व्हती," गोदूबाई म्हणाल्या. "डाक्टर, तुला बी. तू नयनशी बोलायचास, मना बोलायचास तोंड उघडा. आन यो वाटीवाला बोल्ला, तुमी बोलू नका."

मी घसा साफ केला. "मी म्हणालोच होतो," मी म्हणालो, "की उत्तर परिस्थितीत आहे."

कोणी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी गोदूबाईंसमोर हात जोडले आणि माफी मागितली, मनापासून. साडेदहाचं रूट कॅनल बाहेर बसून राहिलं. त्यांनी दात आतून खरवडला, वाळूच्या फवाऱ्याने घासला, धुतला, वाळवला. खुंटी लवंगेचा अंश राहू नये म्हणून घासून पुसली. मग तोच पातळ हात, तीच नकली खुंटी, आणि दात तोंडात दाबून धरला. बाहेर आलेलं बारीक सिमेंट त्यांनी दोऱ्याने हिरडीखालून काढलं, दोनदा काढलं, एक्स-रे घेऊन बघितला. या सगळ्या वेळात ते दर मिनिटाला गोदूबाईंना विचारत होते, "आजी, दुखतंय? आजी, काय वाटतंय?" तोंड उघडं असल्यामुळे त्यांना उत्तर देता येत नव्हतं, पण त्यांना ते विचारणं आवडलेलं दिसलं.

दात बसल्यावर नयनने विचारलं, "आता धरंल ना?"

डॉक्टर म्हणाले, "धरायला पाहिजे." मग ते स्वतःच घाबरले आणि म्हणाले, "मी उद्या हळदीला येतो."

हळदीला आम्ही गेलो. आमंत्रण रुपालीला होतं. मी स्कूटरवर मागे होतो. मांडवात अडीचशे बायका बसल्या असतील, पाटावर समृद्धी, हाताला बांगड्या कोपरापर्यंत. डीजेवाल्याला नयनने कोपऱ्यात बसवून सांगितलं होतं की आत्याबाईंचं होईपर्यंत हात लावायचा नाही. गोदूबाई नव्या नऊवारीत आल्या, शेजारी सगुणाबाई. डॉक्टर सर्वेश पहिल्या रांगेत बायकांमध्ये एकटेच पुरुष बसले होते, खिशात चिमटा आणि सिमेंटची बाटली घेऊन. कपाळावर घाम होता.

गोदूबाई सुरुवात करेनात. त्यांचा हात तोंडापाशी गेला आणि तिथेच थांबला. मागून कोणीतरी मोबाईल वर केला. ज्यांनी व्हिडिओ बघितलेला, त्या सगळ्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. समृद्धी पाटावरून उठायला लागली, तेव्हा नयनने पुढे होऊन सासूचा तो हात तोंडावरून काढला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

मग गोदूबाई गायल्या. पहिला शब्दच धवल्याचा, ध घेऊन येणारा, आणि तो स्वच्छ उमटला. वारा सुटला नाही, फुर्र झालं नाही. सगुणाबाईंनी तो झेलला. समृद्धी खाली बसली. हळद लागली. मला त्या बोलीतलं निम्मं कळत नाही, तरी माझी बोटं वाटीवर ताल धरायला लागली, आणि ते मी रुपालीपासून लपवलं नाही. डॉक्टर सरळ रडत होते. शेजारच्या बाईने त्यांना रुमाल म्हणून हळदीचं फडकं दिलं, त्यामुळे ते पिवळे होऊन घरी गेले.

धवले संपले आणि हळदीची गाणी सुरू झाली. या गाण्यांत मांडवातल्या कोणालाही चिडवायची मुभा असते, आणि धवलारीण ती गाणी जागच्या जागी रचते. गोदूबाईंचे डोळे मांडवभर फिरले आणि माझ्यावर थांबले. त्यांनी आवाज चढवला.

डोंबिवलीशी आला गो, आला भिंगवाला,
भिंग लावून बघतं गो, अख्ख्या गावाला.
सून बघतं, वैद बघतं, बघतं घराला,
दात कुनाचा, इचारीना त्याच बाईला.

मांडव हसून कोसळायचा राहिला. नयन डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून हसत होती. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला, कारण आपल्यावर गाणं रचलं गेलं की उठून नमस्कार करावा असं मला वाटतं. मग खाली बसून मी रुपालीला अर्थ विचारला. तिने तो एकही शब्द न गाळता सांगितला. जेवणाच्या वेळी मी गोदूबाईंजवळ गेलो आणि म्हणालो, "आजी, चुकलो."

"बस," त्या म्हणाल्या. "आदी जेव."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात वाढलं.

वाटलं होतं, गाणं तिथेच संपलं. पण धवलारणी एकमेकींची गाणी झेलतात. गेल्या महिन्यात सगुणाबाईंनी ते कडवं विठ्ठलवाडीच्या एका हळदीत म्हटलं. तिथून ते टिटवाळ्याला गेलं, आणि परवा भिवंडीच्या एका लग्नात रुपालीच्या मैत्रिणीने ते ऐकलं. भिंगवाला खराच कोणी आहे, हे तिथे कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या पाटीची कीर्ती डोंबिवली पूर्वेपलीकडे गेली नाही, पण माझी मात्र कसाऱ्याच्या दिशेने चांगलीच चालली आहे, आणि भिवंडीवाल्यांनी तिला आपल्या पदरची दोन कडवी जोडली आहेत.